आधी कान, मग वाणी

इंग्रजीतल्या ‘कौन्सेलिंग’ला ज्या कोणा पंडिताने ‘समुपदेशन’ हा प्रतिशब्द बहाल केला, त्याच्या संस्कृतविषयी मला आदर आहे. पण त्याने एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. ज्या कामात उपदेश शेवटी, आणि तोही बेताने करायचा, त्या कामाच्या नावातच त्याने उपदेश बसवून दिला. दुःखाने गांजलेला माणूस दार ठोठावतो तेव्हा त्याला काय हवे असते? कोणीतरी ऐकून घ्यावे, एवढेच. आणि पदरात काय पडते? उपदेश. आता तर तो मागे ‘सम्’ उपसर्ग लावून, म्हणजे चांगला घोटून मिळतो!

घोटाळा केवळ शब्दाचा असता, तर ऐन दिवाळीत, फराळाची ताटे पुढे असताना, मी वाचकांना त्यात ओढले नसते. पण हा घोटाळा माणसांच्या जिवाशी गाठ घालणारा आहे. उपदेशाची फार जुनी आणि फार शिस्तीची परंपरा ज्यांच्याजवळ आहे, त्यांत ख्रिस्ती चर्चचे नाव पहिल्या पंक्तीत घ्यावे लागेल. त्या चर्चमध्ये गेली शंभर वर्षे एक हिरिरीचे भांडण चालू आहे. मन मोडलेला माणूस पाळकाकडे आला, तर पाळकाने त्याला धर्मवचन ऐकवावे, की मानसशास्त्रज्ञासारखे त्याचे ऐकत बसावे? या भांडणात मी बाजू घेणार आहे, आणि ती आधीच सांगून टाकतो. दुखावलेल्या माणसापुढे जो उपदेशानेच तोंड उघडतो तो, त्याचे प्रत्येक वाक्य शास्त्रशुद्ध असले तरी, धर्माचे काम करीत नाही. उपदेशाला जागा आहे आणि ती मोठी आहे. पण त्या खोलीत तिचा नंबर पहिला नाही.

‘तुम्ही ना पाळक, ना मानसशास्त्रज्ञ, तुम्हाला या उठाठेवी कोणी सांगितल्या?’ असे कोणी विचारील. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण हे दोन्ही धंदे या प्रश्नाशी जवळून बांधलेले आहेत. मास्तरकी म्हणजे सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच उपदेश. आणि कादंबरीचा नियम असा, की पात्राच्या तोंडून लेखक बोलू लागला की पात्र मेले म्हणून समजावे. पहिल्या धंद्याने मला उपदेश करण्याची खोड लावली. दुसऱ्याने तो कुठे करू नये हे शिकवले.

प्रथम ख्रिस्ती धर्माच्या घरातलाच साक्षीदार बोलावू. बायबलाच्या जुन्या करारात ईयोबाचे पुस्तक आहे. हा ईयोब सज्जन आणि संपन्न गृहस्थ. त्याची गुरेढोरे गेली, सात मुलगे आणि तीन मुली एका दिवसात गेल्या, आणि मग तळपायापासून टाळूपर्यंत अंगभर गळवे उठली. त्याला भेटायला अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र आले. त्याला पाहताच ते मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द काढला नाही. दुःखिताच्या सोबतीचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

पण मग ईयोबाने आक्रोश केला आणि मित्रांची जीभ सुटली. देव न्यायी आहे. तो निरपराध्याला शिक्षा करीत नाही. तुला शिक्षा झाली आहे. तेव्हा तुझे पाप असलेच पाहिजे. पश्चात्ताप कर, सारे ठीक होईल. यातली सुटी सुटी वाक्ये काढून रविवारच्या उपासनेत वाचली, तर सगळी मंडळी मान डोलावील. ईयोबाने मात्र त्यांना कुचकामी वैद्य म्हटले. आणि पुस्तकाच्या अखेरीस देव स्वतः बोलतो, तेव्हा त्याचा कोप होतो तो कोणावर? स्वतःचीच बाजू मांडणाऱ्या या तीन वकिलांवर! ज्याने देवाशी भांडण केले त्या ईयोबाच्या बोलण्याला त्याने खरे ठरवले. आपल्या धर्मग्रंथात हे पुस्तक असताना पाळकाने दुःखितापुढे सिद्धांत कसे काय मांडावेत, याचे मला आश्चर्य वाटते.

आणि हे ओळखणारे लोक चर्चमध्ये नव्हते असे थोडेच आहे? इसवी सन ५९०च्या सुमारास पोप ग्रेगरी पहिला याने पाळकांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यातला सर्वांत मोठा भाग एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतो : सर्वांना एकच उपदेश चालत नाही. गरिबाला एक, श्रीमंताला दुसरा; हसतमुखाला एक, खिन्नाला दुसरा; अशा कितीतरी जोड्या त्याने लावून दिल्या आहेत. आता समोरचा कुठल्या जोडीतला हे ऐकल्यावाचून कळावे कसे? आपल्याकडे म्हणतात ना, आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

सतराव्या शतकात इंग्लंडात किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचा पाळक होऊन गेला. मोठा नामांकित प्रवचनकार. या माणसाने आठवड्यातले दोन दिवस घरोघरच्या गाठीभेटींसाठी राखून ठेवले होते. तो आणि त्याचा मदतनीस मिळून आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबांशी निवांत बोलत आणि वर्षभरात सुमारे ८०० कुटुंबे पुरी करीत. १६५६ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने एक कबुलीजबाब दिला आहे. वर्षानुवर्षे प्रवचने ऐकून ज्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही, अशा काही माणसांना अर्ध्या तासाच्या खासगी बोलण्यातून दहा वर्षांच्या प्रवचनांपेक्षा अधिक लाभ झाला, असा त्याचा अनुभव होता. प्रवचनावर ज्याची सारी कीर्ती उभी, त्याची ही साक्ष आहे. ती कोणा निरीश्वरवाद्याची म्हणून बाजूला सारता यायची नाही.

मानसशास्त्राने चर्चच्या दारात पाऊल टाकले ते विसाव्या शतकात. काही धर्माभिमानी अजून असे भासवतात, की फ्रॉइडने पाठवलेला हा चोर मागच्या दाराने आत शिरला. वस्तुस्थिती वेगळी आहे. झुरिकचा पाळक ऑस्कर फिस्टर आणि फ्रॉइड यांचा पत्रव्यवहार १९०९ साली सुरू झाला आणि फ्रॉइडच्या मरणाच्या वर्षापर्यंत टिकला. फ्रॉइडने धर्माला भ्रम ठरवणारे पुस्तक १९२७ साली लिहिले; फिस्टरने पुढच्याच वर्षी त्याला जाहीर उत्तर दिले; आणि तरीही मैत्री तुटली नाही. एकाचे ऐकून घेणे म्हणजे त्याच्या मताला शरण जाणे नव्हे, हे या दोघांनी दाखवून दिले.

अमेरिकेत हे काम ज्याने उभे केले तो अँटन बॉइसन तर स्वतःच पाळक होता, आणि स्वतःच रोगी. १९२० साली त्याचे मन इतके बिघडले, की त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. तिथल्या कोंडीतून बाहेर पडल्यावर त्याने एक निश्चय केला. अशा इस्पितळात रोग्यांसाठी धर्मसेवक पाहिजे, आणि त्याने रोग्यांना आधी समजून घेतले पाहिजे. १९२४ साली तो मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे आणले आणि त्यांना चक्क वॉर्डात परिचारकांचे काम दिले. भांडी विसळा, रोग्यांना फिरवून आणा, आणि ऐका. पोथ्या वाचता तशी ही जिवंत माणसे वाचायला शिका, हे त्याचे सांगणे. आज धर्मशाळांतून जे वैद्यकीय-पाळकीय शिक्षण दिले जाते, त्याचे मूळ त्या चार विद्यार्थ्यांच्या वॉर्डात आहे. ज्याने स्वतः गजाआडून उपदेश ऐकला, त्याने कानाची किंमत ओळखली. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे काय उगीच म्हटले आहे?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. माझ्याच नियमाप्रमाणे ते नीट ऐकले पाहिजे.

कार्ल रॉजर्स हा तरुण १९२४ साली न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला. दोन वर्षांनी तो समोरच्या रस्त्यापलीकडे, शिक्षणशास्त्राच्या कॉलेजात, मानसशास्त्र शिकायला गेला. त्याने पुढे जी पद्धत घडवली तिचे सार असे, की समोरच्याला हुकूम देऊ नये, त्याचा न्याय करू नये. त्याला मनापासून समजून घ्यावे, म्हणजे तो आपली वाट आपण शोधतो. पाळकांनी ही पद्धत उचलली. काहींनी तर इतकी, की तिचे सोंग झाले. माणूस म्हणतो, ‘मी बायकोला फसवले.’ पाळक म्हणतो, ‘म्हणजे तुम्हाला फसवल्यासारखे वाटते आहे.’ ही पोपटपंची रॉजर्सची नव्हे; पण ती फोफावली खरी.

तिच्यावर हल्ला चढवला जे अ‍ॅडम्स यांनी. हे फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत पाळकीय विषयांचे अध्यापक. त्यांत प्रवचनकलाही आली. १९७० साली त्यांनी ‘कॉम्पिटंट टू कौन्सेल’ हे पुस्तक काढले. शरीराचा रोग डॉक्टरकडे जाऊ द्या. पण ज्याला तुम्ही मनोरोग म्हणता त्यातल्या पुष्कळाचे मूळ पापात असते, आणि त्याला औषध म्हणजे शास्त्रवचनाच्या आधारे सरळ समज देणे, हा त्यांचा सिद्धांत. ‘समज देणे’ या अर्थाचे ग्रीक क्रियापद घेऊन त्यांनी पद्धतीचे नाव ‘नूथेटिक’ ठेवले. थोडक्यात, समुपदेशन म्हणजे एकाच श्रोत्यासाठी केलेले प्रवचन.

अ‍ॅडम्स यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. माणसाला ‘तू बिचारा रोगी’ असे सतत सांगत राहिले, तर त्याच्या हातून जबाबदारी काढून घेतल्यासारखे होते, आणि जबाबदारीबरोबर त्याची प्रतिष्ठाही जाते. हे त्यांनी बरोबर हेरले. पण पुढची उडी चुकली. शरीर कुठे संपते आणि मन कुठे सुरू होते, हे पाळकाच्या खुर्चीवरून कसे दिसणार? थायरॉइडची ग्रंथी मंदावली की माणूस खचतो. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना घोर औदासीन्य ग्रासते. कडेवरच्या लेकराकडेही पाहवत नाही. अशा बाईला ‘कृतज्ञ राहा’ म्हणून सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला नाचायला लावणे आहे. अ‍ॅडम्स यांच्या पद्धतीतही आधी प्रश्न विचारायचे असतात, हे मी जाणतो. पण दोष कुठे सापडतो या शोधात विचारलेला प्रश्न आणि दुःख कुठे आहे म्हणून विचारलेला प्रश्न, यांतला फरक लहान पोरालाही समजतो. मास्तर म्हणून मी हे शपथेवर सांगेन.

अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. पाळकाकडे सल्ल्यासाठी जाणाऱ्या एका तरुणाने जीव दिल्यावर दावा उभा राहिला. १९८८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की परवाना घेऊन धंदा करणाऱ्या मानसोपचारकावर जसे कायदेशीर कर्तव्य असते तसे धर्मगुरूवर लादता येणार नाही. त्या प्रकरणातले दोषादोष ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण कायद्याने जिथे हात काढून घेतला, तिथे पाळकाचा विवेक दुप्पट जागा हवा, एवढे तरी कोणीही कबूल करील.

तो विवेक कसा जागा होतो, याचे उदाहरण लंडनमध्ये आहे. १९३५ साली चॅड व्हारा या तरुण धर्मसेवकाच्या वाट्याला लिंकन गावी पहिलाच अंत्यविधी आला, तो चौदा वर्षांच्या एका मुलीचा. तिने जीव दिला होता. निसर्गक्रमाने जे प्रत्येक मुलीला होते तेच तिला झाले होते. आपल्याला लाजिरवाणा रोग जडला अशी तिची समजूत झाली. विचारणार कोणाला? त्या काळच्या इंग्लंडात व्यासपीठांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो न ओरडता ऐकून घेईल अशा एका माणसाचा.

व्हाराच्या मनातून ती मुलगी गेली नाही. अठरा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनमधल्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या चर्चमध्ये त्याने एक टेलिफोन ठेवला : जीव द्यावासा वाटत असेल तर आधी इथे फोन करा. माणसे येऊ लागली. ताटकळत बसलेल्यांना चहा द्यायला काही साधी मंडळी मदतीला आली. आणि मग जे घडले ते मोठे मौजेचे आहे. चहा पिता पिता त्या मंडळींशी बोलून झाले, की बऱ्याच जणांना आत जाऊन व्हाराला भेटण्याची गरजच वाटेना! दुसरा कोणी असता तर त्याने चहावाल्यांना दटावले असते. व्हाराने फोनच त्यांच्या हवाली केला. ‘समॅरिटन्स’ या संस्थेचा हा जन्म. आणि नियम असा, की फोन करणाऱ्यावर कोणीही आपल्या धर्माची मते लादायची नाहीत. चर्चच्या छताखाली, एका पाळकाने केलेला हा नियम आहे! येशूने ज्या भल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, त्या शोमरोन्यानेही जखमी वाटसरूला प्रवचन दिले नव्हते. जखमा बांधल्या होत्या. त्या धर्मशाळेचे आणि त्या चहाचे नाते मला जवळचे वाटते. हेच काम आपल्याकडे चेन्नईत ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ सालापासून करीत आहे.

मग प्रवचन बंदच करावे काय? मुळीच नाही. ते त्याच्या जागी न्यावे.

त्या जागीही ते भलतेच होऊ शकते. न्यूयॉर्कचे नॉर्मन व्हिन्सेंट पील यांनी १९३७ साली एका मानसोपचारतज्ज्ञाच्या साह्याने आपल्या चर्चमध्ये दवाखाना काढला, हे चांगले केले. पण त्यांच्या १९५२ सालच्या, लाखोंनी खपलेल्या पुस्तकाने धर्माचे टॉनिक करून टाकले. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे आत्मविश्वास! ज्याला गुण येत नाही त्याने समजावे, की आपलाच विश्वास कमी पडला. ईयोबाचे मित्रच हे. फक्त आता हसऱ्या चेहऱ्याने आलेले.

चांगल्या प्रवचनाची कसोटी हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी सांगितली. हेही न्यूयॉर्कचेच, रिव्हरसाइड चर्चचे प्रसिद्ध पाळक. विद्यार्थिदशेत त्यांचेही मन कोलमडले होते आणि काही महिने आरोग्यभवनात काढावे लागले होते. १९२८ साली त्यांनी मासिकात लेख लिहून प्रवचनकारांची हजेरी घेतली. प्राचीन काळच्या यबूसी लोकांचे पुढे काय झाले या विवंचनेत कोणी रविवारी चर्चला येत नाही, अशी त्यांनी थट्टा केली. लोक येतात ते आपापली गाठोडी घेऊन. त्यांच्या मते प्रवचनाचा कस एकाच गोष्टीत लागतो. ते संपल्यावर किती जणांना पाळकाला एकट्याने भेटावेसे वाटले?

हीच मला प्रवचनाची खरी जागा वाटते. प्रवचन हे खोलीतले काम करू शकत नाही. पण खोलीचे दार ते उघडू शकते. व्यासपीठावरून बोलण्यात एक मोठी सोय आहे. बोट कोणाकडेच नसते, म्हणून प्रत्येकाला आपल्यापुरते घेता येते. एखाद्या रविवारी पाळक भर मंडळीपुढे म्हणाला, की खिन्नता हे पाप नव्हे, डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नव्हे, संदेष्टा एलीयासुद्धा रानात झाडाखाली बसून मरण मागत होता आणि देवदूताने त्याला आधी झोपू दिले, भाकर खाऊ घातली आणि मग पुढच्या वाटेचे नाव काढले, तर मागच्या बाकावरच्या एखाद्या बाईचा बांध फुटेल. सोमवारी ती दार ठोठावील. तेव्हा मात्र पाळकाने रविवारचा झगा खुंटीला टांगून ठेवावा.

‘पण खरोखरच पाप असेल तर?’ हा अखेरचा आक्षेप आणि तो रास्त आहे. बायबलातच उत्तर आहे. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवले. संदेष्टा नाथान त्याच्याकडे गेला. त्याने काय केले? गोष्ट सांगितली : एका गरिबाची एकुलती एक मेंढी, आणि ती ओढून नेणारा श्रीमंत शेजारी. राजा संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा ठोठावून मोकळा झाला. आणि मग नाथानने आरसा पुढे धरला. कादंबरीकाराच्या धंद्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र नको. पण दुसरे ध्यानात घ्या. नाथान कठोर बोलला तो सिंहासनावर बसलेल्याशी. राखेत बसलेल्या ईयोबाशी नाही. ज्याने दुसऱ्याला दुखावले त्याच्यासाठी वाणी. जो दुखावला त्याच्यासाठी कान. आमचे उपदेशक नेमके उलट करतात. बलवानापुढे त्यांना दातखीळ बसते आणि रडणाऱ्या विधवेपुढे वाचा फुटते. पुष्कळदा माणूस एकाच वेळी अपराधीही असतो आणि घायाळही, हे मान्य. तेव्हाही क्रम बदलत नाही. अम्माऊसच्या वाटेवर खचलेले दोन शिष्य भेटले, तेव्हा येशूने आधी विचारले, तुम्ही कशाबद्दल बोलत आहात? त्यांनी सगळी निराशा ओतून टाकली. शास्त्राचा उलगडा नंतर झाला.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजाला हे नवे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी आणि कीर्तनकार इथे झाला. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. पण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त आपले जे मन उघडे केले आहे ते पाहा. त्यांचे सोवळे कोणाच्या व्याख्यानाने गळून पडले नाही. स्वतःच्या मनाशी भांडून, स्वतःच्या वेळेला त्यांनी ते सोडले. उत्तम वक्ता घरात असूनही माणसाला आपली वाट आपणच चालावी लागते.

म्हणून धर्मशिक्षण देणाऱ्या शाळांना माझी एक मास्तरी सूचना आहे. तुम्ही प्रवचनाची परीक्षा घेता, ऐकण्याचीही घ्या. रोग्याशी झालेले बोलणे शब्दशः लिहून काढून चारचौघांत तपासण्याची रीत इस्पितळांतून शिकवली जातेच; ती प्रत्येक भावी पाळकाला सक्तीची करा. जो विद्यार्थी दुःखिताचे पंधरा मिनिटे मध्ये न तोंड घालता ऐकू शकत नाही, त्याला व्यासपीठावर चढू देऊ नका. नापास करा. मी इतकी वर्षे गणितात करीत आलो आहे. कोणी मेले नाही. इथे मात्र पास केल्याने माणसे मरतात.

आणि त्या पंडिताचा शब्द? तो आता रुळला आहे, राहू द्या. फक्त त्यातल्या ‘उपदेशा’ची फोड एकदा करून पाहा. ‘उप’ म्हणजे जवळ, आणि ‘दिश्’ म्हणजे दाखवणे. लांब उभे राहून दाखवलेली दिशा हा उपदेश नव्हेच. आधी जवळ जायचे, जमिनीवर बसायचे, लागले तर सात दिवस बसायचे. मग त्याने विचारलेच, तर बोट दाखवायचे.

दिवाळीच्या दिवसांत घरोघर माणसे जमतील. त्यांत एखादा गप्प असेल. त्याला शहाणपण सांगणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसा.